न दिसलेला चेंडू

१९१७ च्या मोसमात अमेरिकेतल्या क्लीव्हलंड संघाच्या रे चॅपमननं ६७ वेळा स्वतः बाद होऊन साथीदाराला पुढच्या बेसवर पोचवलं. बेस म्हणजे धाव पुरी करण्यासाठी ओळीनं गाठायचे चार थांबे. बेसबॉलमध्ये याला सॅक्रिफाइस म्हणतात. शंभराहून जास्त वर्षं झाली, पण एका मोसमातला हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. आता तो मोडेल असंही वाटत नाही, कारण हल्लीचे संघ एक बाद असा हातचा द्यायला सहसा तयार नसतात.

यातलं मुख्य हत्यार म्हणजे बंट. बॅट फिरवायची नाही, नुसती आडवी धरायची. वरचा हात बॅटच्या जाड भागाजवळ सरकवायचा, पकड सैल सोडायची आणि चेंडू आला की बॅट जराशी मागे येऊ द्यायची. झेल घेताना आपण हात मागे घेतो, तेच हे तंत्र. चेंडूची ऊर्जा बॅट आणि मनगटं पिऊन टाकतात आणि तो चार पावलांवर गवतात जाऊन मरतो. कॅचर (बॅटरमागे बसणारा) नि पिचर (चेंडू फेकणारा) त्याच्यामागे धावेपर्यंत बेसवरचा साथीदार पुढे निघालेला असतो. पण यासाठी चेंडू बॅटला टेकेपर्यंत पाहावा लागतो. डोळ्यांची पाती हलली की काम फसलं. चॅपमन या कामात त्याच्या पिढीतला बहुधा सर्वोत्तम होता, आणि म्हणूनच त्याचा शेवट मला इतका बोचतो.

चॅपमनचा जन्म १८९१ चा, केंटकी राज्यातला. ऑगस्ट १९१२ मध्ये तो क्लीव्हलंडकडून खेळू लागला आणि शॉर्टस्टॉपची जागा त्यानं आपलीशी केली. शॉर्टस्टॉप उभा राहतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे. बॅटर बहुतेक उजव्या हाताचे, त्यांचे जोरकस फटके याच बाजूला येतात. फटका मारून बॅटर २७.४ मीटरवरच्या पहिल्या बेसकडे सुटला की त्याला साधारण सव्वाचार सेकंद लागतात. तेवढ्यात शॉर्टस्टॉपनं उसळणारा चेंडू अडवायचा, हातमोज्यातून काढायचा आणि पार समोरच्या टोकाला फेकायचा. चेंडू एकदा हातातून निसटला की हिशोब चुकलाच. त्यातून चॅपमन विलक्षण चपळ. सप्टेंबर १९१७ मध्ये बॉस्टनला झालेल्या एका शर्यतीत तो चारही बेसना वळसा घालून १४ सेकंदांत परतला आणि चषक जिंकला. सुमारे ११० मीटर अंतर, मधे तीन काटकोनी वळणं, तरी सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ आठ मीटर. त्याच वर्षी त्यानं ५२ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावत पुढचा बेस गाठला. १९१८ मध्ये अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च स्तराच्या दोन गटांपैकी एकात, सर्वांत जास्त धावा त्याच्याच होत्या.

१६ ऑगस्ट १९२० ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर यँकीज संघाशी सामना होता. दिवस ढगाळ. पाचव्या इनिंगला चॅपमन बॅटिंगला आला आणि नेहमीसारखा वाकून, होम प्लेटवर (बॅटरजवळच्या पांढऱ्या फळीवर) झुकून उभा राहिला. समोर यँकीजचा पिचर कार्ल मेज. याची फेक अगदी जमिनीलगत, बोटं मातीला घासतील की काय अशी. फेकलेला चेंडू चॅपमनच्या डाव्या कानशिलावर आदळला. आवाज इतका मोठा झाला की मेजला वाटलं, चेंडू बॅटलाच लागला. परत आलेला चेंडू उचलून त्यानं पहिल्या बेसकडे फेकलासुद्धा.

पाहणाऱ्यांनी नंतर एक गोष्ट सांगितली. चॅपमन जागचा हलला नव्हता. मान फिरवली नाही, हात वर केला नाही. चेंडूच्या मार्गातून डोकं बाजूला घेणं ही माणसाची अगदी मुळातली प्रतिक्रिया, आणि चॅपमनसारख्या चपळ माणसाला ती जमली नसती, हे पटत नाही. पण प्रतिक्रिया द्यायला आधी चेंडू दिसायला हवा.

तेव्हा सामन्यात एकच चेंडू चालेल तितका चालवायचे. पिचर त्याला माती चोळत, तंबाखूची थुंकी लावत. काही इनिंगनंतर पांढरा चेंडू मातकट-काळा व्हायचा. चेंडूंवर फार खर्च होतो अशी क्लबमालकांची तक्रार होती, म्हणून जुनेच चेंडू खेळात ठेवावेत अशा सूचना अंपायरना होत्या. म्हणजे ढगाळ उजेड, मळका चेंडू, आणि तो येणार मातीच्या रंगातून वर.

अशा वेळी डोळ्यात काय होतं ते घरी बघता येतं. दोऱ्याला लिंबू बांधून दाराच्या चौकटीला टांगा आणि डावीकडून उजवीकडे झोका द्या. पाच-सहा फुटांवर समोर उभे राहा. दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि गॉगलची काच एकाच डोळ्यापुढे धरा. लिंबू सरळ रेषेत झुलणं सोडून लांबट गोलात फिरू लागेल, एकदा तुमच्याकडे येईल, एकदा लांब जाईल. काच दुसऱ्या डोळ्यापुढे धरलीत तर फेरा उलटा फिरेल. लिंबू तर तसंच झुलतंय. झालंय इतकंच, की अंधुक प्रतिमेचं काम डोळा सावकाश करतो. झाकलेल्या डोळ्याचा निरोप मेंदूकडे काही मिलिसेकंद उशिरा पोचतो, तो डोळा लिंबू मघाच्या जागी दाखवतो, आणि दोन जागांचा मेळ घालताना मेंदू खोली कल्पून घेतो. १९२२ मध्ये याचा उलगडा प्रसिद्ध करणारे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल पुल्फ्रिच एका डोळ्यानं पाहू शकत नव्हते. हा खेळ त्यांना स्वतःला कधी दिसणारच नव्हता.

आता हा उशीर मैदानावर आणा. चेंडू ताशी १३० किलोमीटरनं आला, तर पिचरच्या हातापासून बॅटरपर्यंत अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ. त्यातला एक दशांश सेकंद डोळा-मेंदूचा, दीड दशांश बॅट फिरवण्याचा. उरलं काय, तर सुमारे दोन दशांश सेकंद. निरोपाला नुसते दहा मिलिसेकंद उशीर झाला, तरी तेवढ्यात चेंडू सव्वा फूट पुढे सरकतो. आणि हे चेंडू दिसला तर. मागच्या रंगात तो मिसळून गेला असेल, तर निरोप निघतच नाही.

सेंट लॉरेन्स हॉस्पिटलमध्ये रात्री शस्त्रक्रिया झाली. डाव्या बाजूला साडेतीन इंचांची फट पडली होती. कानशिलाचं हाड कवटीत सर्वांत पातळ, आणि त्याच्या आत लागूनच धमनी असते. पण मेंदूला उजव्या बाजूलाही जखम होती, जिथे चेंडू लागलाच नव्हता. कवटी झटक्यात हलते, आत द्रवात तरंगणारा मेंदू मागे राहतो आणि मग पलीकडच्या भिंतीवर आपटतो. १७ ऑगस्टच्या पहाटे चॅपमन गेला. वय २९. मेजर लीगच्या सामन्यात चेंडू लागून मेलेला तो एकमेव खेळाडू.

हे वाचताना आपल्याला भारताचे क्रिकेट कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर आठवल्याशिवाय राहत नाहीत. मार्च १९६२, बार्बाडोस, चार्ली ग्रिफिथचा चेंडू, कवटीला फट. वेस्ट इंडीजच्या फ्रँक वॉरेलनं रक्त दिलं, चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णींनीही दिलं, आणि कॉन्ट्रॅक्टर वाचले. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी, की साइटस्क्रीन (चेंडू नीट दिसावा म्हणून गोलंदाजामागे लावलेला पडदा) नव्हता आणि नेमक्या त्या क्षणी पॅव्हेलियनमधली एक खिडकी कुणीतरी उघडली. नजर तिकडे गेली. इथेही घात केला तो चेंडूमागच्या दृश्यानं.

बेसबॉलमध्ये हेल्मेट यायला पुढे कित्येक दशकं लागली. मेजर लीगमधल्या नव्या खेळाडूंना ते सक्तीचं झालं १९७१ मध्ये. चेंडू मात्र लगेच बदलला. मळला की बाजूला काढा आणि नवा घ्या, असा हुकूम अंपायरना मिळाला. चॅपमनच्या जागी सप्टेंबरमध्ये जो सिवेल नावाचा २१ वर्षांचा पोरगा शॉर्टस्टॉपला उभा राहिला, आणि त्या ऑक्टोबरात क्लीव्हलंडनं ब्रुकलिनला हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाचं अजिंक्यपद, जिंकली. सिवेल १४ मोसम खेळला, पांढऱ्या चेंडूंवर. ७,१३२ वेळा अधिकृत बॅटिंगला येऊन तो स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक पडून बाद, झाला फक्त ११४ वेळा.