जुन्या जीपला नवा रेडिएटर घेण्याआधी एवढं वाचा

"एमएम५४० चा रेडिएटर आहे का, केवढ्याला पडेल?" असा, म्हणजे महिंद्राच्या जुन्या जीपसाठी, फोन आमच्या दुकानात आला की आम्ही भाव सांगायच्या आधी उलट चार प्रश्न विचारतो, आत इंजिन कुठलं आहे, पंखा कुठला, गाडी नेमकी कधी गरम होते, घाटात की हायवेला. काही जणांना याचा वैताग येतो, पण कारण ऐका. जुन्या जीपमध्ये बॉडी एका गाडीची, इंजिन दुसऱ्या गाडीचं आणि रेडिएटर कधीतरी कोणीतरी जमवून बसवलेला हे इतकं कॉमन आहे की नुसतं मॉडेलचं नाव ऐकून रेडिएटर द्यायचा म्हणजे तुमचे पैसे पाण्यात.

मूळ सीजे३बी जीपला पेट्रोलचं हरिकेन इंजिन, एमएम५४० ला प्युजोचं २११२ सीसी डिझेल, पुढच्या गाड्यांना महिंद्राचं २५२३ सीसी डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल), आणि जिप्सीत आधी ९७० सीसी मग किंगमध्ये १२९८ सीसी. आज रस्त्यावरच्या कितीतरी पेट्रोल जीपांत नंतर डिझेल इंजिन टाकलेलं आहे. इंजिन बदललं की पाणी आत-बाहेर जायची तोंडं बदलतात, कधी डावीकडची उजवीकडे जातात, होजचा, म्हणजे पाण्याच्या रबरी नळीचा, व्यास बदलतो, पंख्याची उंची बदलते. म्हणून आम्ही रेडिएटर इंजिनाच्या आणि तुमच्या वापराच्या हिशोबाने निवडतो, आणि आमचं स्पष्ट मत आहे की तुम्हीही तसाच निवडावा, दुकान आमचं असो नाहीतर दुसरं कुठलं.

आधी बघा, दोष रेडिएटरचाच आहे का

गाडी गरम झाली की पहिला संशय रेडिएटरवर जातो आणि पुष्कळदा तो चुकीचा असतो. साधी खूण सांगतो. गाडी हायवेला ठीक चालते पण घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरला किंवा चिखलात रेंगाळत गरम होते, तर गडबड बहुतेक हवेची, म्हणजे पंखा, बेल्ट, श्राउड (पंख्याभोवतीचं, हवा जाळीतूनच ओढायला लावणारं कव्हर), नाहीतर जाळीत, म्हणजे रेडिएटरच्या नळ्या-पत्त्यांच्या भागात, बसलेला चिखल. उलट रेंगाळताना ठीक आणि वेगात लोडवर तापमानाचा काटा चढतो, तर पाणी नीट फिरत नाहीये, जाळी आतून चोकअप झालीय किंवा वॉटर पंप थकलाय किंवा खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होतोय. खालच्या होजमध्ये स्प्रिंग असते ती याचसाठी, आणि होज बदलताना ती काढून फेकून दिलेली आम्ही बरेचदा बघतो.

हवेची टेस्ट घरी होते. इंजिन आयडलला ठेवून ग्रिलवर एक साधा कागद धरा, पंखा नीट ओढत असेल तर कागद चिकटून राहायला पाहिजे. गळून पडला तर बेल्ट बघा, आणि पंखा उलटा तर बसवला नाही ना ते बघा, कारण उलटा बसवलेला पंखा पण हवा त्याच दिशेला ओढतो, फक्त कमी ओढतो, त्यामुळे वरवर बघून कळत नाही.

रेडिएटरच्या आत बुडबुडे सतत येत असतील (थंड इंजिनावर झाकण काढून, मग स्टार्ट करून बघायचं) तर हेड गास्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलेलं असण्याची शक्यता मोठी, तिथे आमचा रेडिएटर लावून काही उपयोग नाही, आधी ते काम करा. आणि गरम गाडीचं झाकण कधीच उघडायचं नाही, फडकं धरूनसुद्धा नाही, तोंडावर हातावर भाजलेली माणसं आम्ही बघितलीत.

जाळी खरंच गेली असेल तर ते लपत नाही. जाळीची पत्ती अंगठ्याने हलकी दाबा, हिरवट भुकटी होऊन गळायला लागली तर त्या जाळीत जीव उरला नाही, पत्ती नळीला धरूनच नाहीये तर उष्णता हवेला देणार कोण. आतून चोक आहे का ते बघायला रेडिएटर उतरवून खालचं तोंड हाताने बंद करायचं, पूर्ण भरायचा आणि हात काढायचा. पाणी भसकन एका लोंढ्यात आलं पाहिजे. बारीक धार धरून निवांत येत असेल तर आत खार बसलाय, बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या गाड्यांत हे हमखास.

नवा घ्यायचा की जाळी बदलायची

तुमच्याकडे मूळचा पितळी टाक्यांचा रेडिएटर असेल आणि टाक्या धड असतील तर आम्ही आधी तोच दुरुस्त करायला सांगतो. टाक्या सोडवायच्या, चोक थोडा असेल तर नळ्यांतून रॉड मारून खार काढायचा, जाळी संपली असेल तर नवी तांब्याची जाळी घालून त्याच टाक्या परत डाग (झाळ) देऊन बसवायच्या. जुन्या टाक्यांचा पत्रा जाड, तोंडं बरोबर जागेवर, ब्रॅकेट गाडीला बसणारे. आज बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या काही रेडिएटरचा पत्रा इतका पातळ असतो की आपल्या रस्त्यांवर टाकीच्या कडेची झाळ पहिल्या पावसाळ्यात सुटते.

आता तांबं की अ‍ॅल्युमिनियम. तांबं अ‍ॅल्युमिनियमपेक्षा दीडपटीहून जास्त चांगली उष्णता वाहून नेतं हे खरं, पण जुन्या पद्धतीच्या रेडिएटरमध्ये पत्ती तांब्याची असली तरी नळी पितळेची असते आणि दोघांच्या मधे झाळ असते, तिथे बराच फायदा कमी होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात, वजन कमी, म्हणून नीट बनवलेला अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर गार करण्यात मागे पडत नाही. फरक पडतो तो मोडल्यावर. तांब्या-पितळेचा रेडिएटर तालुक्याच्या गावातला जुना कारागीरसुद्धा डाग देऊन तासाभरात चालू करून देईल, अ‍ॅल्युमिनियमला तसलं वेल्डिंग करणारा शोधावा लागतो आणि प्लॅस्टिक टाकीचा असेल तर वाटेत काहीच होत नाही. म्हणून जो माणूस जीप घेऊन जंगलात, नदीपात्रात, आडवाटेला जातो त्याला आम्ही तांब्याचाच देतो. डीआय इंजिन आहे, एसी पण बसवलाय, गाडी जास्त करून डांबरी रस्त्यावर, तर अ‍ॅल्युमिनियमचा विचार करा.

अ‍ॅल्युमिनियम घेणार असाल तर गाडीची अर्थिंग आधी तपासायला लागते. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल पिन रेडिएटरमधल्या पाण्यात, धातूला न टेकवता, इंजिन चालू, लाईट चालू. काटा ०.१ व्होल्टच्या वर जात असेल तर करंट पाण्यातून परत जातोय आणि असा करंट नवा कोरा अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर आतून खाऊन भोकं पाडतो. जुन्या जीपांचं वायरिंग वीस हातांतून गेलेलं असतं म्हणून ही टेस्ट आम्ही सोडत नाही.

जाड जाळी म्हणजे जास्त गार असं नाही

"चार रो ची द्या, जाडजूड" असं लोक मागतात. रो म्हणजे जाळीत एकामागे एक असलेल्या नळ्यांच्या ओळी. जाळी जितकी जाड तितकी हवेला आरपार जायला अडचण, आणि रेंगाळणाऱ्या जीपमध्ये हवा फक्त पंख्याच्या जिवावर येते. मागच्या रो ला पोचेपर्यंत ती हवा आधीच तापलेली असते. आमच्याकडे एक डीआय इंजिन टाकलेली जीप आली होती, मालकाने दुसरीकडून चार रो चा नवा रेडिएटर घातला होता तरी आंबोलीच्या चढाला काटा वर, आणि बघितलं तर इंजिन बदलताना श्राउडच काढून टाकलेला. पंखा जाळीच्या मधल्या गोलातूनच हवा ओढत होता, कोपरे नुसते शोभेला. आम्ही पत्र्याचा श्राउड बनवून दिला, पंख्याची पाती अर्धी आत अर्धी बाहेर राहतील असा, रेडिएटर तोच ठेवला, गाडी चढ चढली. बहुतेक जीपांना तीन रो नीट पुरतात. आणि पत्त्या फार दाट मागू नका, कोकणातला लाल चिखल दाट जाळीत एकदा बसला की काढता काढता पत्त्या मुडपतात. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, बारीक प्रेशरने, सर्व्हिस सेंटरचा फवारा जवळून मारायचा नाही.

पुढे विंच, जाड बंपर, चार-चार फॉग लॅम्प लावलेत का तेही सांगा, कारण ती सगळी हवा अडवतात.

झाकणाकडे कोणी बघत नाही

रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १३ लिहिलेलं असतं, ते प्रेशर आहे, ०.९ बार किंवा १३ पीएसआय. ०.९ च्या झाकणाखाली साधं पाणी साधारण ११८ डिग्रीला उकळतं, झाकण ढिलं असेल तर महाबळेश्वरच्या उंचीवर तेच पाणी ९५-९६ लाच उकळायला लागतं. पण म्हणून मोठं झाकण लावू नका, जुन्या मॉडेलच्या टाक्या कमी प्रेशरसाठी बनलेल्या होत्या, त्यांना १३ चं झाकण लावलं की झाळ फाटते. तसंच नेकची, म्हणजे झाकण बसतं त्या तोंडाची, खोली जुळायला पाहिजे, झाकण फिरून बसलं म्हणजे सील झालं असं नसतं.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू नका. काढला की इंजिन कधी नीट तापतच नाही, डिझेल जास्त खातं, आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटरला वळसा घालून बायपासमधूनच फिरत राहतं.

बसवताना

नवा रेडिएटर लावायच्या आधी इंजिनाचा ब्लॉक आतून पाण्याने फ्लश करून घ्या, नाहीतर ब्लॉकमधला गंज आठवड्यात नव्या जाळीत येऊन बसतो. आम्ही पहिले काही दिवस वरच्या होजमध्ये बारीक जाळीचं गाळणं ठेवतो, जे निघतं ते बघून गिऱ्हाईक स्वतःच हादरतं. खालचे रबर बुश नवे घाला, जीपची चासी खड्ड्यात पिळवटते आणि रबर नसेल तर तो सगळा पीळ रेडिएटर खातो. कूलंट डब्यावर तांब्या-पितळेला चालतो असं लिहिलेलंच घ्या, काही नवे कूलंट जुन्या शिशाच्या झाळेला मानवत नाहीत, आणि मिसळायला डिस्टिल्ड वॉटर, बोअरचं नाही. पावसात नदी पार करणार असाल तर पंख्याचा बेल्ट ढिला करा किंवा पुढे ताडपत्री बांधा, पाण्यात फिरणारी पाती पुढे वाकून जाळी कापते.

ऑर्डर देताना जाळीची उंची, रुंदी, जाडी, बोल्टच्या भोकांचं मधलं अंतर, दोन्ही तोंडांचा बाहेरचा व्यास आणि पंखा ते जाळी अंतर (इंचभर तरी हवं) एवढं मोजा आणि समोरून, मागून, बाजूने फोटो पाठवा. जुना रेडिएटर भंगारात देऊ नका, सोबत आणा. बसवल्यावर पहिला घाट झाला की गाडी पूर्ण थंड करा, सगळे क्लॅम्प परत आवळा, पाण्याची पातळी बघा. उतरली असेल तर गाडी घेऊन या, प्रेशर टेस्ट आम्ही करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.