बाजू उलटण्याआधीची बावीस मिनिटं

ठाण्याहून सीएसएमटीला जाणारी जलद लोकल साधारण ४० ते ४५ मिनिटं घेते. एका एलपीच्या, म्हणजे लाँग-प्लेइंग तबकडीच्या, दोन्ही बाजू वाजून संपायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. पनवेलहून ठाण्याला येणाऱ्या ट्रान्स-हार्बरच्या गाडीत तर त्याहून थोडा अधिक वेळ हाताशी असतो. म्हणजे रोजच्या एका फेरीत अख्खा अल्बम ऐकून होतो. तरी हेडफोनवर वाजत असतात ती बहुतेक सुटी गाणी. सलग ऐकण्याची सवय लागली कशी आणि सुटली कशी, हे समजून घ्यायचं तर गाणं कशात भरलं जात होतं तिथून सुरुवात करावी लागते.

‘अल्बम’ हा शब्द लग्नाच्या फोटोंच्या अल्बमसारखाच अगदी शब्दशः आला. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत, बारा इंचीवर चार-साडेचार. मोठी रचना चार-सहा तबकड्यांवर तोडून घ्यायची आणि त्या तबकड्या पाकिटांच्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत ठेवायच्या. ती वही म्हणजे अल्बम. तो ऐकायचा म्हणजे दर तीन-चार मिनिटांनी उठणं, चावी भरणं, तबकडी उलटणं आणि पोलादी सुई बदलणं. सुई दर बाजूला बदलावीच लागे. लाखेच्या तबकडीत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे, ती सुईचं टोक घासून टाकी आणि झिजलेली सुई पुढच्या तबकडीच्या खाचा खरवडत जाई.

१९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हापासून पुढची जवळपास पन्नास वर्षं आपल्या गवयांनी या तीन मिनिटांशी झुंज दिली. तासभर चालणारा ख्याल त्यात बसवायचा तर विलंबित, म्हणजे संथ लयीतला भाग, जवळपास सोडूनच द्यावा लागे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या आजही थक्क करतात, कारण तेवढ्या वेळात त्यांनी रागाचा चेहरा पूर्ण दाखवला. पण तो चेहराच. बढत, म्हणजे रागाचा हळूहळू होणारा विस्तार, ऐकायची तर मैफिलीलाच जावं लागे.

जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची बारा इंची एलपी आणली. लाखेऐवजी व्हिनाइल आलं, खाचा खूप बारीक झाल्या आणि एका बाजूला सुमारे २२ मिनिटं मिळू लागली. ख्यालाला पहिल्यांदाच श्वास घ्यायला जागा मिळाली. किशोरी आमोणकरांची भूप-बागेश्रीची तबकडी घ्या. एका बाजूला एक राग, दुसऱ्या बाजूला दुसरा. भूप संपल्यावर उठून तबकडी उलटायची, तेवढी शांतता मध्ये पडते आणि मग बागेश्री सुरू होतो. ही शांतता तबकडीच्या रचनेतच आहे. दोन राग लागोपाठ वाजले तर बागेश्रीचे पहिले स्वर कानात बसायला वेळच मिळत नाही.

एलपीची एक खोड मात्र आपल्या संगीताच्या मुळावर येते. तबकडीच्या फेऱ्या ठरलेल्या असतात, पण बाहेरचं वर्तुळ मोठं आणि आतलं लहान. बाहेरच्या काठाला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलजवळ फक्त २१. तेवढ्याच आवाजाला आत निम्म्याहून कमी जागा मिळते, म्हणून शेवटी शेवटी ‘स’ फुसफुसतो आणि चढे स्वर फाटतात. पाश्चात्त्य अल्बममध्ये बाजूच्या शेवटी मुद्दाम संथ गाणं ठेवून यातून वाट काढता येते. ख्यालात उलटं होतं, कारण आरंभी विलंबित आणि शेवटी द्रुत (जलद) ताना. सगळ्यात दाट गाणं तबकडीच्या सगळ्यात दुबळ्या जागी येऊन पडतं. त्यात बाजू २२ मिनिटांपलीकडे ताणली तर खाचा एकमेकींच्या अधिक जवळ कोराव्या लागतात आणि मुळातच आवाज बारीक ठेवावा लागतो.

क्रमाने ऐकायला मराठी कान मात्र एलपीमुळे शिकला नाही. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’ची ५६ गीतं आठवड्याला एक अशी प्रसारित झाली, तेव्हा पुढचं गीत आधी ऐकायची सोयच नव्हती. शिवाय कोणता राग कोणत्या प्रहरी, हेही ठरलेलं होतंच. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस पहाटेच्या अहीर भैरवपासून रात्रीपर्यंत वाजवला आहे. तो उलटसुलट लावला की दिवसच मोडतो.

कॅसेट आली १९६३ मध्ये, पण आपल्याकडे घरोघरी पोचली ती ऐंशीच्या दशकात. तिने क्रम राखला, कारण नेमकं गाणं शोधायचं तर टेप पुढेमागे पळवत बसावं लागे. सी-९० च्या एका बाजूला ४५ मिनिटं, म्हणजे एक पूर्ण एलपी मावे. मात्र कोऱ्या कॅसेटवर आवडीची गाणी भरून घ्यायची सोय झाली आणि तिथेच अल्बम पहिल्यांदा फुटला. १९८२ मध्ये सीडी आली. ७४ मिनिटं सलग, बाजू नाहीत आणि गाणी कशाही क्रमाने लावणारं शफलचं बटण. अल्बम लांबत गेले आणि मधला विसावा गेला. २००३ नंतर गाणं सुटं विकत मिळू लागलं. २०२१ मध्ये इंग्लिश गायिका अ‍ॅडेलच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं मुख्य बटण शफलऐवजी क्रमाने वाजवणारं केलं.

आज फोनवर सलग ऐकायचं तर तीन गोष्टी तपासाव्यात. शफल बंद. क्रॉसफेड (एक गाणं संपत असतानाच दुसरं सुरू करण्याची सोय) शून्यावर, नाहीतर एका गाण्याची शेवटची सम दुसऱ्याच्या आलापात बुडते. गॅपलेस, म्हणजे दोन गाण्यांत खंड न पडू देण्याची सोय, चालू. जुन्या एमपी३ फायलींत तरीही क्षणभर खंड ऐकू येतो, कारण एमपी३ आवाजाचे सुमारे २६ मिलिसेकंदांचे ठरीव तुकडे पाडतं आणि गाण्याच्या दोन्ही टोकांना रिकामी भर घालतं. सीडीवरून पुन्हा फायली करायच्या असतील तर आवाजातलं काही न गाळणाऱ्या फ्लॅकमध्ये कराव्यात. एलपीसाठी रचलेला अल्बम असेल तर पहिली बाजू संपते तिथे मिनिटभर थांबवून बघावं.

ज्यांच्या घरी जुना साठा आहे त्यांना आपल्या खाडीकाठच्या पावसाळ्याची वेगळी काळजी घ्यावी लागते. तबकड्या उभ्याच ठेवाव्यात, आडव्या थप्पीत खालच्या वाकतात. कॅसेटच्या टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती डेकमध्ये घालू नये. बुरशी टेप वाचणाऱ्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. बरीच वर्षं न वाजवलेली चांगली कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवावी, म्हणजे टेपचा ताण सारखा होतो आणि ती गुंतत नाही. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं, पण तोच बोळा ७८ च्या तबकडीला कधीही लावू नये. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि खाचांतलं गाणं कायमचं जातं.