बाटली ओतण्याआधी काडी बघा
(जुन्या गाड्यांच्या ग्राहकांसाठी: इंजिन ऑइल, ॲडिटिव्ह म्हणजे वरून ओतायच्या बाटल्या, आणि फिल्टरविषयी)

आमच्या कोल्हापूर-उद्यमनगरच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या बहुतेक गाड्या दहा वर्षं ओलांडलेल्या असतात. मारुती ८००, ओम्नी, झेन, सँट्रो, वॅगन आर, इंडिका, क्वालिस, बोलेरो. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे त्यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता जुनीच म्हणायची. या गाड्या चांगल्या आहेत आणि नीट सांभाळल्या तर अजून बरीच वर्षं चालतील. त्यांच्या मालकांचा फोनवरचा प्रश्न मात्र ठरलेला असतो: "गाडी जुनी झालीय, आता कुठलं ऑइल टाकू? आणि सोबत एखादी बाटली ओतू का?" फोनवर घाईत अर्धंच सांगून होतं, म्हणून हे पत्रक छापलं आहे.

गाडी ऑइल खाते, पण किती?

ग्राहकाचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीत जातो. गाडी निळसर धूर मारायला लागली किंवा काडीवर (ऑइलची पातळी बघायच्या डिपस्टिकवर) ऑइल कमी दिसलं, की लोक आधी ऑइल ट्रीटमेंटची बाटली आणून ओततात. वरून हाताला लागेल ते घट्ट ऑइल घालतात. तरीही फरक पडला नाही की मग गाडी आमच्याकडे आणतात. अशा बाटल्यांत बहुतेक वेळा ऑइल घट्ट करणारं पॉलिमर असतं. त्यामुळे काही दिवस धूर कमी दिसतो आणि टॅपेटचा (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज दबतो. आत मात्र झीज होती तेवढीच राहते, नुसती झाकली जाते. आमच्यासमोर गाडी येते तेव्हा चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) दोन-तीन प्रकारचं ऑइल आणि एक बाटली असं मिश्रण असतं. त्यावरून इंजिन खरोखर किती ऑइल खातं, हे कुणालाच सांगता येणार नाही. मग ते सगळं काढून टाकायचं, योग्य ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर घालायचा, गाडी पुन्हा हजार किलोमीटर फिरवायची आणि मगच निदान करायचं. बाटलीचे पैसे गेले, वरच्या ऑइलचे गेले आणि महिनाही गेला.

म्हणून विनंती अशी, की आधी मोजा. सकाळी गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागेवर, ऑइलची काडी बाहेर काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग बघा. चालवून आल्या आल्या बघितलं तर वर चढलेलं ऑइल अजून खाली उतरलेलं नसतं आणि काडी कमी दाखवते. बहुतेक छोट्या गाड्यांत काडीवरच्या दोन खुणांमध्ये साधारण पाऊण ते एक लिटर बसतं. ऑइल वरच्या खुणेपर्यंत आणा, मीटरवरचं किलोमीटर लिहून ठेवा, आणि हजार किलोमीटर होईपर्यंत किती मिली वरून घालावं लागलं त्याची नोंद करा. वरून घालायचं ते त्याच ग्रेडचं. रात्री गाडीखाली एक पुठ्ठा पसरून ठेवलात तर आणखी चांगलं. सकाळी पुठ्ठ्यावर डाग असेल तर ऑइल जळत नाही, गळतंय.

ही नोंद घेऊन आलात, की अर्धं निदान तिथेच होतं. हजार किलोमीटरला शंभर-दोनशे मिली लागत असेल तर जुन्या पेट्रोल इंजिनाला आम्ही हातसुद्धा लावत नाही. वरून घालत राहा आणि निवांत चालवा. अर्ध्या लिटरच्या पुढे गेलं तर शोधायला लागतं. सकाळी पहिल्या स्टार्टला भसकन निळा धूर येऊन मग थांबत असेल, तर व्हॉल्व्ह सील कडक झालेत. चढाला, गाडीवर ताण पडला की सतत धूर येत असेल, जसं पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या रस्त्याला येतो, तर पिस्टनच्या रिंगांकडे बघायचं. पण त्याआधी आम्ही पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी छोटी झडप) काढून बघतो. तो चोंदला, की इंजिनातली वाफ बाहेर पडायला वाट राहत नाही, आतला दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून व हवेच्या नळीतून बाहेर ढकललं जातं. हा व्हॉल्व्ह काही शेकड्यांत येतो. ज्यांना बाहेर 'इंजिन खोलायला लागेल' असं सांगितलं होतं, अशा गाड्या नुसत्या या व्हॉल्व्हवर आणि टॅपेट कव्हरच्या पॅकिंगवर सुधारलेल्या आम्ही बघितल्या आहेत.

"जुनी गाडी हाय, जरा घट्ट टाका की"

ही मागणी आम्ही रोज ऐकतो, आणि दरवेळी हो म्हणत नाही. डब्यावर २०डब्ल्यू-५०, १५डब्ल्यू-४०, १०डब्ल्यू-३०, ५डब्ल्यू-३० असे आकडे असतात. मागचा आकडा ऑइल तापल्यावरचा घट्टपणा दाखवतो, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला मोजलेला. ३० चं ऑइल तिथे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकमध्ये (हे घट्टपणाचं माप) बसतं, ४० चं १२.५ ते १६.३ मध्ये, ५० चं १६.३ ते २१.९ मध्ये. पुढचा, 'डब्ल्यू'चा आकडा थंडीतला आहे आणि त्याच्या चाचण्या शून्याच्या बऱ्याच खाली होतात. तसली थंडी कोल्हापुरात पडत नाही, म्हणून इथे २०डब्ल्यू चालतच नाही असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. तरीही डिसेंबरच्या सकाळी काकवीचं भांडं कलंडलं तर ती किती सावकाश उतरते, ते आठवा. घट्ट ऑइल थंड इंजिनात वरच्या कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यापर्यंत) तसंच उशिरा पोचतं, आणि इंजिनाची झीज जास्त होते ती याच पहिल्या क्षणांत.

मुद्दा इंजिनाच्या घडणीचा आहे, वयाचा नाही. ज्या इंजिनाला कंपनीने मुळात २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० सांगितलं होतं, त्याला तेच घाला. ज्याला ५डब्ल्यू-३० सांगितलं आहे, ज्यात ऑइलच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक टॅपेट आहेत किंवा टर्बो आहे, त्यात ५० चं घातलं तर टॅपेट भरायला उशीर होतो, सकाळी खडखड होते आणि ॲव्हरेज पडतं. गाडी खरोखर ऑइल खात असेल आणि इंजिनकाम लगेच करायचं नसेल, तर मागच्या आकड्यात एक पायरी वर जायला आमची हरकत नाही, ३० चं ४० करा. मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा तेवढी सूट दिलेलीच असते. दोन पायऱ्या वर जाऊ नका. मॅन्युअल हरवलं असेल तर मॉडेल, वर्ष आणि इंजिन नंबर सांगा, आमच्याकडचा तक्ता बघून आम्ही ग्रेड सांगतो, मग ऑइल कुठूनही घ्या.

डब्यावर एपीआयची (ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची) अक्षरंही बघा. पेट्रोलसाठी 'एस'ने सुरू होणारी, डिझेलसाठी 'सी'ने. पेट्रोलच्या मालिकेत 'एस'नंतरचं अक्षर एबीसीडीत जितकं पुढचं, तितकं ऑइल नवं, आणि ते सहसा जुन्या गाडीलाही चालतं. डिझेलला पेट्रोलचं ऑइल घालू नका. काजळी धरून ठेवायची ताकद त्यात पुरेशी नसते. इंडिका-बोलेरोवाले विचारतात, "काल टाकलेलं ऑइल आज काळं कसं?" डिझेलमध्ये ते काळं व्हायलाच पाहिजे. काजळी इंजिनाच्या भिंतीवर बसण्याऐवजी ऑइलमध्ये आली, म्हणजे ऑइल काम करतंय.

प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसेडर हौसेने जपणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. या इंजिनांचे कॅम सपाट टॅपेटवर घासत चालतात आणि त्यांना ऑइलमधल्या झिंक-फॉस्फरसच्या संयुगाची गरज जास्त असते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर शुद्ध करणारा भाग) खराब होऊ नये म्हणून एपीआय एसएमपासून, म्हणजे २००४ पासून, ३० आणि त्याखालच्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांपर्यंतच ठेवतात. २०डब्ल्यू-५० ला ही मर्यादा लागत नाही. म्हणून या गाड्यांना आम्ही चांगल्या कंपनीचं मिनरल २०डब्ल्यू-५० देतो. महागडं पातळ सिंथेटिक मागितलं तरी देत नाही.

फ्लश आणि इतर बाटल्या

चांगल्या ऑइलमध्ये मळ सोडवणारं डिटर्जंट, काजळी तरंगत ठेवणारं डिस्पर्संट, झीज रोखणारं आणि फेस न होऊ देणारं रसायन कंपनीने आधीच मोजून घातलेलं असतं. त्यात वरून काही ओतलं की ते प्रमाण बिघडू शकतं. पेट्रोलच्या टाकीत घालायचं इंजेक्टर क्लीनर वर्षातून एकदा घालायला आमची ना नाही. गळती थांबवणारी बाटली रबरी सील फुगवते. गाव गाठेपर्यंत तिचा उपयोग होतो, पण तो इलाज नव्हे.

इंजिन फ्लशबद्दल, म्हणजे आतला मळ सोडवायला ऑइलमध्ये ओततात त्या बाटलीबद्दल, मात्र आम्ही ठाम आहोत. एक पंधरा वर्षांची छोटी पेट्रोल गाडी आमच्याकडे टो होऊन आली होती. आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललेलं नव्हतं. नव्या मालकाने चांगल्या हेतूने फ्लश ओतला, गाडी फिरवली आणि ऑइलचा लाल दिवा लागला. चेंबर उतरवलं तर पंपाची जाळी घट्ट काळ्या गाळाने चोंदली होती. टॅपेट कव्हरखाली वर्षानुवर्षं बसलेला गाळ एकदम सुटून खाली आला होता. पंपाला ऑइल ओढता येईना, बेअरिंग गेली. अशा इंजिनाला आम्ही फ्लश देत नाही. साधं चांगलं ऑइल घालतो आणि पहिले दोन बदल दोन-अडीच हजार किलोमीटरलाच करतो. ऑइलमधलं डिटर्जंट गाळ हळूहळू काढतं, फिल्टर तो धरतो. तुम्हाला दोन खेपा जास्त पडतात, याची आम्हाला जाणीव आहे. त्या दोन बदलांवर आम्ही फक्त मालाचे पैसे घेतो, मजुरी नाही.

फिल्टर

"ऑइल बदला, फिल्टर अजून चांगला आहे," असं कुणी म्हटलं तर ते आम्ही ऐकत नाही. जुन्या फिल्टरात जुनं ऑइल आणि मळ दोन्ही उरतं. आमच्या काउंटरवर दोन फिल्टर मधोमध कापून ठेवले आहेत, या आणि हातात घेऊन बघा. एकात कागदाच्या चुण्या दाट आहेत, टोकं नीट चिकटवलेली आहेत, तोंडाशी मऊ रबराची झडप आहे. गाडी बंद केल्यावर फिल्टरातलं ऑइल खाली वाहून जाऊ नये म्हणून ती असते. दुसरा डुप्लिकेट आहे. चुण्या मोजक्या, टोकाला फट, आणि झडपेचं रबर नखाने दाबलं तरी वाकत नाही. बाहेरून दोघांचा रंग सारखाच. सकाळी स्टार्टला दोन-तीन सेकंद कटकट येत असेल तर बऱ्याचदा कारण ही झडप असते.

घरी फिल्टर बदलत असाल तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. तिच्यावर नवा फिल्टर बसला तर हायवेला सगळं ऑइल बाहेर येईल. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा, टेकेपर्यंत फिरवा, मग हाताने पाऊण फेरा. पान्याने आवळू नका.

एअर फिल्टरकडे लोक कमी बघतात, आणि आपल्या भागात तोच जास्त महत्त्वाचा. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला, की उसाच्या ट्रॉल्यांमागून जाणारी गाडी मार्चपर्यंत धूळच ओढते. शाहूवाडी, गगनबावड्याकडची तांबडी माती तर फार बारीक. ती फाटक्या फिल्टरातून आत गेली की बोअर (पिस्टनचं नळकांडं) आणि रिंगा घासते, आणि इथूनच गाडी ऑइल खायला लागते. कॉम्प्रेसरची हवा जवळून, जोरात मारली की कागदाला बारीक चिरा पडतात. त्या दिसत नाहीत. मारायचीच असेल तर आतून बाहेर, लांबून. हंगामात रोज ग्रामीण रस्त्याने जाणाऱ्यांनी मॅन्युअलमधल्या निम्म्या अंतरातच फिल्टर बदलावा.

पुराच्या पाण्यात गाडी उभी राहिली असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगितलं तेच पुन्हा सांगतो: चावी फिरवू नका. काडीवर ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे. गाडी टो करूनच आणा.

आमच्या पद्धतीबद्दल

सुटं ऑइल आम्ही ठेवत नाही. सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडतो, आणि रिकामा झाल्यावर तुमच्यासमोरच ब्लेडने कापतो, म्हणजे तो पुन्हा कुणी भरून विकणार नाही. ऑइल तुम्ही आणलंत तरी चालेल. फक्त सील शाबूत हवं आणि ग्रेड बरोबर हवी. ग्रेड चुकीची असेल तर आम्ही ते घालणार नाही, त्याचा राग मानू नका. वरच्या खुणेच्या वर आम्ही भरत नाही. डब्यात पाव लिटर उरलं तर ते तुमचंच, घरी न्या आणि वरून घालायला ठेवा. जास्त भरलं की क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) ते घुसळतो, फेस होतो आणि सील गळायला लागतात.

वाळवीसाठी दारा-खिडक्यांना लावायला जळकं ऑइल बरेचजण मागतात. ते २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं आणि आम्ही ते नोंदणीकृत प्रक्रिया करणाऱ्यांनाच देतो. ते कातडीला आणि विहिरीच्या पाण्याला वाईट आहे. म्हणून ओळखीच्यांनाही नाही म्हणतो.

मिनरल ऑइल पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल त्याला बदला. राजारामपुरी ते शाहूपुरी एवढंच फिरणाऱ्या गाडीचं किलोमीटर होत नाही, पण तिचं ऑइलही पुरतं तापत नाही. त्यात पेट्रोल आणि वाफेचं पाणी साठतं, म्हणून तिच्यासाठी महिने मोजायचे.

येताना मॅन्युअल असेल तर ते, मागच्या बदलाचं बिल, आणि ऑइल खात असेल तर हजार किलोमीटरची नोंद घेऊन या. लेव्हल बघणं, पीसीव्ही तपासणं आणि एअर फिल्टर काढून दाखवणं याचे पैसे आम्ही घेत नाही. त्यासाठी सकाळी इंजिन थंड असताना आलात तर बरं. सोमवारी गॅरेज बंद असतं.