कोरडा ढग

पावसाळ्यात मुंबईहून गाडीने नाशिकला येणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. कसारा घाटात खिडकीबाहेर नुसतं धुकं, इगतपुरीला धो धो पाऊस, आणि घोटी मागे पडली की हळूहळू उजाडायला लागतं. नाशिकरोडला उतरेपर्यंत कित्येकदा छत्री उघडावीही लागत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनला गेलात तर हाच खेळ जानेवारीच्या लख्ख उन्हात, कॉफी पीत, एका नजरेत बघता येतो.

शहराच्या पाठीशी टेबल माउंटन, समोर अटलांटिक. डोंगर १०८६ मीटर उंच. आपले अंजनेरी आणि ब्रह्मगिरी याहून उंच आहेत खरे, पण नाशिकच मुळात सहाशेच्या आसपास मीटरवर बसलेलं. केप टाऊनला मोजणी थेट समुद्रापासून सुरू होते, म्हणून तो कडा अंगावर येतो.

उन्हाळ्यात तिथे आग्नेयेकडून वारा सुटतो. शहराची हवा धुऊन नेतो म्हणून त्याला ‘केप डॉक्टर’ म्हणतात. समुद्रावरची ओलसर हवा डोंगरावर आदळून वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते आणि दर शंभर मीटरला साधारण एक अंश थंड होते. माथ्याजवळ वाफेचे थेंब होतात, ढग तयार होतो आणि पलीकडच्या कड्यावरून शहराच्या बाजूला ओघळतो. टेबलावर पांढरी चादर अंथरावी तसा. पण खाली उतरणारी हवा पुन्हा दबते, तापते आणि थेंब विरून जातात. म्हणून ती चादर अर्ध्यातच कापल्यासारखी दिसते. ढग तासन्‌तास जागेवर लोंबतोय असं वाटतं, प्रत्यक्षात मागून नवा बनत असतो आणि पुढे जुना विरत असतो.

मग सह्याद्रीवर हाच ढग कोसळतो आणि तिथे नुसता शोभेला का? मान्सूनची ओली हवा काही किलोमीटर जाड असते, तिला वर चढायला मोकळं रान मिळतं. केपच्या उन्हाळ्यात मात्र डोंगरमाथ्याच्या थोडं वर उष्ण, कोरड्या हवेचं झाकण बसलेलं असतं. ढगाला उंची गाठता येत नाही, थेंब मोठे होत नाहीत. तिथला खरा पाऊस हिवाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये, पश्चिमेकडून येतो.

उन्हाळ्यातला हा केप डॉक्टर, पृथ्वीच्या फिरण्याची साथ घेऊन, अटलांटिक किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं. भर उन्हाळ्यात त्या देखण्या किनाऱ्यावर पाय बुडवला की कळ थेट मस्तकात जाते. डोंगरापलीकडच्या फॉल्स बे या उपसागरात पाणी बरंच सुसह्य असतं. पोहायचं तर तिकडे जावं.

चादर अगदीच वांझ नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुडॉल्फ मार्लोथ या वनस्पतिशास्त्रज्ञाने माथ्यावर दोन पर्जन्यमापक ठेवले. एक साधा, दुसऱ्यावर बोरूच्या काड्या खोचलेल्या. काड्यांवर धुक्याचे थेंब अडकून दुसऱ्यात कितीतरी जास्त पाणी जमलं. माथ्यावरची झुडपं उन्हाळा काढतात तो अशा पाण्याच्या आधाराने.

खालच्या शहराला मात्र त्याचा उपयोग नाही. २०१८ मध्ये धरणं आटली तेव्हा माणशी दिवसाला ५० लिटर पाण्याची मर्यादा आली होती. आंघोळीचं पाणी बादलीत धरून संडासात ओतण्याचे ते दिवस होते, आणि वर चादर नेहमीसारखी पसरत होती.