भावंडशिक्षण (होमस्कूलिंग)

होमस्कूलिंग करणाऱ्या, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या कुटुंबात थोरल्या भावंडाने धाकट्याला शिकवण्याची पद्धत. एकटी आई तीन वयांच्या मुलांना एकाच वेळी शिकवू शकत नाही, म्हणून ही पद्धत बहुधा सुरू होते. टिकते मात्र वेगळ्या कारणाने: शिकवणाऱ्याचेच शिकणे त्यातून पक्के होते.

हातच्याची वजाबाकी घ्या. ४२ मधून १७ वजा करायचे आहेत. ताई चटईवर काड्यांच्या दहा-दहाच्या चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या मांडते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एका जुडीचे रबर काढते. सुट्या काड्या बारा होतात, सात उचलल्यावर पाच उरतात. तेवढ्यात धाकटा वहीवर बोट ठेवतो, "पण ताई, चारावर काट का मारलीस?" इतके दिवस रीत म्हणून मारलेल्या त्या काटेपाशी ताई पहिल्यांदाच थांबते. तीन जुड्या उरल्या आहेत हे मोजून दाखवताना उत्तर दोघांनाही सापडते. आपण कुठे अडलो होतो हे ताईला अजून आठवते. आईबाबांना ते कधीच विसरायला झालेले असते. हीच तिची मोठी जमेची बाजू.

रॉबर्ट झायन्स आणि ग्रेगरी मार्कस या संशोधकांनी १९७५ मध्ये जन्मक्रम व बुद्धी यांविषयी एक सिद्धांत मांडला. एकुलत्या एका मुलाला शिकवायला घरात कोणी नसते, ही उणीव त्यांनी हिशेबात धरली. सिद्धांतावर पुढे बरेच आक्षेप आले, पण हे निरीक्षण आजही मोलाचे वाटते.

मोठ्या मुलाने लहानाला शिकवण्याची चाल जुनी आहे. १८ व्या शतकाच्या अखेरीस स्कॉटिश पाद्री अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या अनाथाश्रमशाळेत ती राबवली आणि 'मद्रास पद्धत' म्हणून इंग्लंडला नेली. मराठी मनाला तर थोरला भाऊ गुरू असणे मुळीच परके नाही. निवृत्तिनाथ हे ज्ञानेश्वरांचे गुरू, आणि त्याच घरात ताटीच्या अभंगांतून दादाची समजूत घालणारी मुक्ताबाई सर्वांत धाकटी.

हंगेरीतील बुद्धिबळपटू पोल्गार बहिणींचे उदाहरण प्रसिद्ध आहे. लास्लो व क्लारा पोल्गार यांनी सुसान, सोफिया आणि ज्युडिट या तिन्ही मुलींना बुडापेस्टमध्ये घरीच शिकवले. सुसान १९६९ ची, ज्युडिट १९७६ ची; म्हणजे धाकट्यांना बुद्धिबळाच्या सरावाला तयारीची जोडीदार घरातच होती. १९८८ च्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये महिला गटाचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या हंगेरीच्या चौघींच्या संघात या तिघी होत्या. ज्युडिट १९९१ मध्ये, १५ व्या वर्षी ग्रँडमास्टर झाली आणि पुढे थोरलीच्याही वर गेली.

या पद्धतीचा धोका आपल्याकडे विशेष जपून पाहायला हवा. धाकट्याला सांभाळायचे म्हणून थोरल्या मुलीची शाळा सुटणे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. होमस्कूलिंगच्या नावाखाली ताईवर तेच ओझे आले, तर ते शिक्षण नव्हे. रोज अर्धा-पाऊण तास, एखादाच विषय, तोही तिच्या आवडीचा, एवढे पुरते. धाकट्याच्या चुका तपासणे, रागावणे आणि त्याच्या प्रगतीची काळजी वाहणे आईबाबांकडेच राहावे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा वयाच्या १४ व्या वर्षापासून देता येते. थोरले भावंड त्या तयारीला लागले की शिकवण्याचे काम सहसा मधल्याकडे जाते.