अमेरिकेतील पारंपरिक घडीच्या चाकूंच्या उद्योगाचा ऱ्हास

पाते मुठीत मिटवून खिशात बाळगता येणाऱ्या चाकूंची निर्मिती हा अमेरिकेच्या ईशान्य भागातील, विशेषतः न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांतील अनेक लहान गावांचा एकेकाळी मुख्य आधार होता. विसाव्या शतकात या उद्योगाला उतरती कळा लागली आणि २००४ ते २०१८ या काळात त्यातील तीन नामवंत कारखाने बंद पडले.

या धंद्याचा पाया इंग्लंडमधून आलेल्या कारागिरांनी घातला. त्यांनी १८५२ मध्ये उभारलेली न्यूयॉर्क नाइफ कंपनी पुढे वॉल्डन या गावी गेली आणि ते गाव चाकूंसाठीच ओळखले जाऊ लागले. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर जबर जकात बसवल्यावर इंग्लंडमधील शेफील्ड शहराच्या चाकूंची अमेरिकी बाजारपेठ आटली आणि स्थानिक कारखान्यांची भरभराट झाली. पुढच्या पडझडीचे सारे खापर परदेशी मालावर फोडले जाते. तथापि हा उद्योग मुळात जकातीच्या आडोशानेच वाढला होता, हे सहसा सांगितले जात नाही.

पारंपरिक चाकूत पाते अडकवणारा खटका नसतो. पाठीतील पोलादी पट्टी पात्याच्या बुडावर दाब देते व त्या दाबानेच पाते उघडे किंवा मिटलेले राहते. पाते उघडे असो वा मिटलेले, पट्टी पाठीशी सपाट बसली पाहिजे, सांध्यात फट दिसता कामा नये आणि पाते मिटताना ‘खट्’ असा खणखणीत आवाज आला पाहिजे, अशी जाणकारांची अपेक्षा असते. पोलादाला पाणी देण्यापासून हाडाच्या मुठीवर खाचा पाडण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर कसबी हात लागतो आणि मजुरी वाढली की हाच भाग सर्वांत महाग पडतो. मुठीसाठी भारतातून जाणारी सांबरशिंगेही निर्यातबंदीनंतर दुर्मिळ झाली.

पहिली पडझड आयातीच्या लाटेपूर्वीचीच आहे. न्यूयॉर्क नाइफ कंपनी १९३१ मध्ये, मंदीच्या काळात बंद झाली; बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने १९४० मध्ये चाकूंचा धंदा सोडला. शेतीवर जगणारी कुटुंबे घटली, तसा दोर कापायला आणि जनावरांची निगा राखायला रोज चाकू लागणारा ग्राहकही कमी झाला. उरलेल्यांपैकी बरेच जण बक कंपनीच्या १९६४ च्या ‘११०’ या खटकेदार चाकूकडे, १९८१ पासून स्पायडर्को कंपनीच्या एका हाताने उघडणाऱ्या चाकूंकडे आणि १९८३ पासून लेदरमन कंपनीच्या बहुउपयोगी पकडीकडे वळले. आधी जपानच्या आणि नंतर चीनच्या स्वस्त मालाने मोठ्या दुकानसाखळ्यांतील जागा घेतली. २००१ च्या हल्ल्यांनंतर विमानात चाकू नेण्यास बंदी आली आणि तो सतत खिशात बाळगण्याची सवय आणखी मोडली.

न्यूयॉर्क राज्यातील एलनव्हिलचा इंपीरियल श्रेड हा कारखाना जुलै २००४ मध्ये जवळजवळ एका दिवसात बंद झाला. अमेरिकी सैन्याला चाकू पुरवणारी कॅमिलस कंपनी २००६ मधील संपानंतर, २००७ च्या आरंभी मिटली. दोन्ही नावे इतर कंपन्यांनी विकत घेतली आणि त्याच शिक्क्यांचे चाकू चीनमधून येऊ लागले. जुने गिऱ्हाईक याला फसवणूक मानते व ते अगदीच गैर नाही. पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिलची क्वीन कंपनी २०१८ मध्ये थांबली.

पेनसिल्व्हेनियातीलच ब्रॅडफर्ड येथील केस ही १८८९ पासूनची पेढी मात्र टिकून आहे. १९९३ पासून ती लायटर बनवणाऱ्या झिपो कंपनीच्या मालकीची आहे. केसने १९७० मध्ये पात्याच्या बुडावर दहा ठिपके उमटवले आणि पुढे दरवर्षी एकेक कमी केला, त्यामुळे चाकूचे साल नेमके ओळखता येते. शेतकऱ्याला अशा खुणेचे फारसे काम नसते. ती संग्राहकाच्या उपयोगाची आहे, आणि आज या उद्योगाची भिस्त बहुतांशी त्याच्यावरच आहे. टायटसव्हिलमध्येच २००६ मध्ये सुरू झालेली ग्रेट ईस्टर्न कटलरी जुन्या पद्धतीने, गंजू शकणाऱ्या कार्बन पोलादाचे चाकू थोड्या संख्येने बनवते आणि त्यांतील काही फेरविक्रीत मूळ किमतीपेक्षा महाग जातात.