कोसळती भिंत आणि खिडकीएवढी जागा

वादळ सुटलेलं आहे. मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन घराकडे पाठ करून रस्त्यात उभा आहे. मागच्या घराची अख्खी दर्शनी भिंत पायाशी कलते आणि थेट त्याच्या अंगावर येते. धुरळा खाली बसतो तेव्हा तो जागच्या जागी उभा असतो, कारण वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्याभोवती उतरलेली असते. हे दृश्य १९२८ च्या 'स्टीमबोट बिल, ज्युनिअर' या मोठ्या चित्रपटातलं. पण कल्पना मुरली ती त्याआधीच्या लघुपटांत. १९१९ च्या 'बॅक स्टेज'मध्ये आणि १९२० च्या 'वन वीक'मध्ये हीच करामत लहान प्रमाणावर आहे.

यात नशिबाचा भाग जवळजवळ नाही. भिंत खालच्या कडेला बिजागरीसारखी अडकवलेली असेल, तर तिचा प्रत्येक बिंदू वर्तुळाच्या कंसातून खाली येतो. चार मीटर उंचीवरची खिडकी पायापासून चार मीटरवरच पडणार. मग माणसानं तिथं उभं राहायचं, झालं! पण एवढ्यावर भागत नाही, कारण माणसाला उंची असते. कीटन साधारण १६५ सेंटिमीटर उंच होता. त्याचे पाय बिजागरीपासून ४ मीटरवर असले, तर पायथागोरसच्या नियमानं त्याचं डोकं बिजागरीपासून सुमारे ४.३३ मीटरवर येतं. म्हणजे खिडकीची वरची कड ४.३३ मीटरच्या पलीकडे हवी आणि खालची कड ४ मीटरच्या अलीकडे. त्यात खांद्यांची रुंदी आणि छातीची जाडी धरायची. भिंतीचा पाया वीस सेंटिमीटर जरी पुढं सरकला, तरी खिडकीही तेवढीच सरकणार. (४ मीटर हा आकडा मी हिशेबासाठी घेतलाय, चित्रीकरणाच्या नोंदीतला नाही.)

बिजागरीवर फिरणारी भिंत मोकळ्या पडणाऱ्या दगडापेक्षा संथ असेल, असं वाटतं. पण हवेचा विरोध सोडला, तर ८ मीटर उंच भिंतीचं वरचं टोक जमिनीवर आदळताना ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगानं येतं. तेवढ्याच उंचीवरून सोडलेला दगड येतो ताशी ४५ च्या वेगानं. भिंत ताठ असल्यामुळे पायाकडचा भाग कमी वेगानं फिरतो आणि टोकाच्या वाट्याला जास्त वेग येतो. हलकी भिंत वापरली असती, तर कृत्रिम वादळाच्या पंख्यांनी ती मुरगळली असती आणि खिडकी भलतीकडे गेली असती. सुरक्षिततेसाठीच भिंत जड ठेवावी लागली, हे मला या सगळ्यातलं सर्वात विलक्षण वाटतं.

आता हसू का येतं? माझ्या मते यातला मोठा वाटा आपल्या शरीराला ठाऊक असलेल्या गुरुत्वाकर्षणाचा आहे. १९९८ मध्ये 'न्यूरोलॅब' या अंतराळ मोहिमेत अंतराळवीरांना वरून खाली येणारा चेंडू झेलायला सांगितलं होतं. तिथं चेंडूचा वेग वाढत नव्हता. तरी त्यांच्या हाताचे स्नायू गरजेपेक्षा आधीच आवळले जात होते. पृथ्वीवर चेंडू जसा वेग घेत येईल, तसा तो येणार हे मेंदूनं गृहीत धरलेलं होतं. प्रेक्षकाचा मेंदूही असाच पुढचं मांडत असतो. भिंत कलली की 'मेला' असा निकाल तो आधीच देऊन मोकळा होतो, आणि खिडकी तो निकाल फिरवते. 'वन वीक'च्या शेवटी हेच उलट्या बाजूनं घडतं. नवदांपत्याचं घर रेल्वेरुळांवर अडकलेलं, गाडी भरधाव येते आणि शेजारच्या रुळावरून निघून जाते. सपाट पडद्यावर दोन रुळांमधलं अंतर कळत नाही, म्हणून आपण फसतो. हुश्श म्हणेपर्यंत दुसऱ्या बाजूनं आलेली गाडी घराचा चुराडा करते.

साधं घसरून पडणंही याच हिशेबात बसतं. सपाट जमिनीवर चालताना टाच टेकते तेव्हा पाय न घसरण्यासाठी साधारण ०.२ एवढा घर्षण गुणांक लागतो (हा आकडा जितका कमी, तितकी जमीन निसरडी). जपानच्या कितासातो विद्यापीठात कियोशी माबुची आणि सहकाऱ्यांनी केळ्याच्या सालीचं घर्षण मोजलं, ते भरलं सुमारे ०.०७. सालीच्या आतल्या बाजूच्या सूक्ष्म पिशव्या दाबानं फुटतात आणि त्यातला बुळबुळीत द्रव वंगणाचं काम करतो. या कामाला २०१४ चं इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं. ०.२ हवं तिथं ०.०७ मिळालं, की पाय पुढं जातो, गुरुत्वमध्य मागं राहतो आणि माणूस बुडावर आपटतो. कंबर ९० सेंटिमीटरवरून खाली येते, वेळ लागतो ०.४३ सेकंद. सेकंदाला १६ चौकटी (फ्रेम) टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ही अख्खी फजिती सातच चौकटींत संपते.

आणि तरीही हे विनोदी नट दुसऱ्या दिवशी पुन्हा पडायला तयार असत! थांबायला किती अंतर मिळतं, यावर सगळं ठरतं. ९० सेंटिमीटरची पडझड २ सेंटिमीटरमध्ये थांबली, तर शरीराला सरासरी ४५ पट गुरुत्वाएवढा झटका बसतो. हात आधी टेकवून, पाठ गोल करून, लोळण घेऊन तीच २० सेंटिमीटरमध्ये थांबवली, तर साडेचार पट. कीटन हे लहानपणापासून शिकला होता. आईवडिलांबरोबरच्या रंगमंचावरच्या खेळात वडील त्याला उचलून फेकत, आणि धरायला सोपं जावं म्हणून त्याच्या कोटाला मूठ शिवलेली असे. तरी हिशेब कधी चुकायचाच. 'शरलॉक ज्युनिअर' या त्याच्या चित्रपटाच्या चित्रीकरणात पाण्याच्या लोटानं तो रुळावर आदळला आणि मानेचं हाड मोडलं. ते त्याला कळलं अनेक वर्षांनी, क्ष-किरण तपासणीत.

मूकपटातली माणसं तुरुतुरु पळतात, त्याचं कारण मात्र वेगळं. कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवायचा, त्यामुळे चौकटींचा वेग ठरलेला नसे. पाठलागात तो मुद्दाम हळू फिरवत, म्हणजे पडद्यावर धावपळ जलद दिसे. बोलपट आल्यावर सेकंदाला २४ चौकटी हा नियम झाला आणि जुने चित्रपटही त्याच यंत्रांवर चढले. १६ चौकटींचं चित्रण २४ नं दाखवलं, की हालचाल दीडपट होते. गुरुत्व त्वरण मात्र वेळेच्या वर्गावर अवलंबून असल्यानं सव्वादोनपट होतं. ९.८ चं सुमारे २२ होतं, म्हणजे जवळपास गुरू ग्रहाइतकं. तिथं पडणारा माणूस बाहुलीसारखा दिसतो, त्याचं वजन आपल्याला पटत नाही.

इंटरनेटवरच्या बऱ्याच प्रती आजही अशाच पळतात. पळत असेल तर वेग ०.७५ करून पाहा, २४ च्या १८ चौकटी होतील. सुरुवात चॅप्लिनच्या १९१६ च्या 'वन ए. एम.'पासून करा. त्यात झिंगलेला गृहस्थ जवळपास सगळा वेळ एकटाच असतो, आणि त्याला जिना चढून झोपायला जायचं असतं. वर भिंतीवरचं घड्याळ आहे, त्याचा भलामोठा लंबक जाताजाता त्याला फटकारतो. लंबकाची लय ठरलेली, माणसाला ती मोजायची शुद्ध नाही. वेग कमी केला, की चॅप्लिन ती लय किती अचूक मोजत होता ते दिसतं.